आईंचा व्हिसा नाकारला गेला आणि अनुच्छेद ८ बदलणार अशा बातम्या आहेत: अपील करावे का?

आपला प्रश्न प्रथम थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. आपण ब्रिटिश नागरिक असून रेडिंगला राहता. आपल्या ७६ वर्षांच्या आई नाशिकला एकट्या असतात आणि वडील गेल्यापासून त्यांचा डिमेन्शिया वाढत चालला आहे. बहीण पुण्यात आहे, पण तिची नोकरी आहे आणि घरी सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत. आईंसाठी आपण ‘ॲडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह’, म्हणजे प्रौढ अवलंबित नातेवाईक, या वर्गातून अर्ज केला. भारतात पैसे देऊन काळजी घेणारी माणसे मिळतात आणि मुलगी जवळच आहे, अशी दोन कारणे देऊन होम ऑफिसने, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याने, तो नाकारला. आता आपण विचारता की ब्रिटन युरोपीय मानवी हक्क करारातून बाहेर पडणार किंवा निदान त्यातला अनुच्छेद ८, म्हणजे खासगी व कौटुंबिक जीवनाच्या आदराचा हक्क, आवळणार, अशा बातम्या रोज येत असताना अपील करण्यात अर्थ आहे का, ज्युडिशियल रिव्ह्यू (न्यायालयीन पुनर्विलोकन) करावा का, आणि ‘नवा कायदा येण्याआधी आईंना व्हिजिटर व्हिसावर घेऊन या, मग इथेच मानवी हक्कांचा अर्ज करा’ हा मित्राचा सल्ला ऐकावा का.

मी इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून इमिग्रेशन आणि सार्वजनिक कायद्याचे काम करतो, आणि असे प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात. आपण विचारता ते स्ट्रासबर्गबद्दल, म्हणजे जिथे युरोपीय मानवी हक्क न्यायालय आहे त्या शहराबद्दल, पण आपली खरी अडचण नाशिकमधली आहे. आईंना नेमकी कोणती काळजी लागते आणि ती तिथे का मिळू शकत नाही, हे कागदावर कितपत सिद्ध झाले आहे, यावर या प्रकरणाचा बराचसा निकाल ठरेल. राजकीय घडामोडींचा परिणाम होणारच नाही असे मी म्हणत नाही. तो कुठे होईल हे पुढे सांगतो, पण आधी मुदतीचे पाहू.

अर्ज ब्रिटनबाहेरून केलेला असल्याने निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (अशी अपिले ऐकणाऱ्या पहिल्या पायरीच्या न्यायाधिकरणाकडे) अपील दाखल व्हायला हवे. आपल्या प्रकरणात घाई करण्यासारखी खरी गोष्ट एवढीच आहे. तोंडी सुनावणीची फी १४० पौंड आणि केवळ कागदपत्रांवरच्या निर्णयाची ८० पौंड आहे. कृपया साठ पौंड वाचवू नका. आईंना सुनावणीला येता येणार नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने न्यायाधीशांसमोर बोलणारे, प्रश्नांना उत्तरे देणारे माणूस आपणच आहात, आणि ही संधी कागदांवर सोडून देण्यासारखी नाही.

ज्युडिशियल रिव्ह्यूबद्दल अनेकांचा गैरसमज असतो, विशेषतः भारतात उच्च न्यायालयात रिट दाखल करण्याची पद्धत पाहिलेल्यांचा. इथे जिथे अपिलाचा हक्क आहे तिथे आधी अपीलच करावे लागते; ज्युडिशियल रिव्ह्यू हा दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाचा उपाय आहे. तो मिळाला तरी न्यायालय सहसा एवढेच तपासते की अधिकाऱ्याने निर्णय कायदेशीर रीतीने घेतला का, संबंधित बाबी विचारात घेतल्या का, निर्णय तर्कसंगत आहे का. चूक सापडली तर निर्णय रद्द होतो आणि फाइल बहुधा पुन्हा त्याच खात्याकडे जाते. अपिलात मात्र आपला अर्ज मानवी हक्कांचा दावा म्हणून पाहिला जातो आणि अनुच्छेद ८ चा भंग होतो की नाही हे न्यायाधीश पुराव्यावरून स्वतः ठरवतात. आणखी महत्त्वाचे म्हणजे निर्णयानंतर घडलेल्या गोष्टीही ते विचारात घेऊ शकतात. अर्ज नाकारला गेल्यानंतर आईंची प्रकृती ढासळली असेल तर तो पुरावाही चालतो. अर्ज करताना फाइल कच्ची राहिली असेल तर ती भरून काढण्याची हीच जागा आहे.

आता मूळ नियमाकडे येऊ. हा नियम जुलै २०१२ पासून आजच्या कडक रूपात आहे. वय, आजारपण किंवा अपंगत्व यांमुळे अर्जदाराला रोजच्या जगण्यातल्या कामांसाठी दीर्घकाळ वैयक्तिक काळजीची गरज असली पाहिजे, आणि इथल्या नातेवाइकाने पैशाची व प्रत्यक्ष मदत करूनही ती काळजी मायदेशी मिळू शकत नसली पाहिजे. ती तिथे उपलब्ध नाही आणि वाजवीपणे ती देऊ शकेल असे कोणी तिथे नाही, असे तरी दाखवावे लागते. नाहीतर ती परवडत नाही, असे तरी. शिवाय पाच वर्षे सरकारी निधीचा आधार न घेता आईंचे पालनपोषण, निवास आणि काळजी करण्याची लेखी हमी आपल्याला द्यावी लागते.

यातली कोंडी आपल्या लक्षात आली असेल. आपले उत्पन्न चांगले असेल तर ‘मग भारतातच पैसे देऊन सोय करा’ हे उत्तर तयार असते, आणि उत्पन्न कमी असेल तर हमी पुरी पडत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि तो लागू झाल्यापासून ज्यांची फाइल मी हाताळली त्या प्रत्येक कुटुंबाला त्याने घायाळ केलेले मी पाहिले आहे. पण तो बेकायदा आहे असा युक्तिवाद करण्यात आपला वेळ घालवू नका. ब्रिटसिट्स या संघटनेने त्याला आव्हान दिले होते आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला. वृद्ध नातेवाइकांमुळे सार्वजनिक आरोग्यसेवेवर येणारा भार मर्यादित ठेवणे हा सरकारचा हेतू न्यायालयाने मान्य केला.

त्याच निकालपत्रात आपल्या उपयोगाची एक बाजू आहे, आणि अर्ज नाकारणारे अधिकारी तिच्याकडे नेहमी पुरेसे लक्ष देत नाहीत. न्यायालयाने म्हटले की मायदेशातली काळजी ‘वाजवीपणे’ मिळणारी आणि ‘आवश्यक त्या पातळीची’ असली पाहिजे. ती देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही दृष्टींनी वाजवी असली पाहिजे. आणि तिच्यात मानसिक व भावनिक गरजांचाही विचार होऊ शकतो, मात्र त्या तज्ज्ञ वैद्यकीय पुराव्याने सिद्ध व्हायला हव्यात. डिमेन्शियाच्या रुग्णाच्या बाबतीत माझ्या मते सगळा भर इथे द्यावा. परवडत नाही हा मुद्दा आपल्या उत्पन्नामुळे बहुधा टिकणार नाही. नाशिकमध्ये पैसे देऊन देखभालीला बाई मिळते हे खरेच आहे. पण ती आईंना हवी ती काळजी देऊ शकते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपण द्यायचे आहे.

भारतातून येणाऱ्या फाइलींमध्ये मला बहुतेक वेळा फॅमिली डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी दिसते: रुग्ण वृद्ध आहे, मुलाजवळ राहावे असा सल्ला. डॉक्टरांची भावना प्रामाणिक असते, पण अशा चिठ्ठीने काहीही सिद्ध होत नाही. वृद्धांच्या मानसिक आजारांच्या तज्ज्ञाचा अहवाल घ्या. त्यात निदान, स्मृतिचाचणीचे निकाल आणि आजार कोणत्या गतीने वाढतो आहे हे असावे, आणि अंघोळ, कपडे, जेवण, शौच, औषधे यांपैकी प्रत्येक कामात आई स्वतः किती करू शकतात हे स्वतंत्रपणे लिहिलेले असावे. त्यानंतर अनोळखी व्यक्तीकडून काळजी घेतली जाताना त्या कशा वागतात आणि जवळच्या माणसाच्या सहवासाने त्यात वैद्यकीयदृष्ट्या काय फरक पडेल, हे तज्ज्ञाने कारणांसह सांगावे. त्यांना भेटीआधी आपण नियमातली कसोटी लिहून द्या, मत मात्र त्यांचे त्यांना बनवू द्या. आपल्या शब्दांत लिहून घेतलेला अहवाल न्यायाधीशांना लगेच ओळखू येतो.

दुसरा मुद्दा आधी करून पाहिलेल्या सोयींचा. पूर्वी खासगी व्यवस्था असेल तर ती काय होती आणि आता का उपलब्ध नाही, हे सांगण्याची अपेक्षा नियमांतच आहे. कोल्हापूरच्या एका वृद्ध बाईंच्या प्रकरणात घरच्यांनी देखभालीसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून एकामागून एक बाई कामाला ठेवून पाहिली होती, पण हे अर्जात एका वाक्यात उरकले होते. आम्ही ब्युरोकडे चौकशी केली तेव्हा त्यांच्या नोंदवहीत प्रत्येक बाई बदलल्याच्या तारखेपुढे हाताने लिहिलेली कारणे निघाली: ‘पेशंट अंगाला हात लावू देत नाही’, ‘जेवणात विष घातले म्हणून ताट फेकले’, ‘रात्री दार उघडून बाहेर गेल्या’. ती पाने, त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि रात्री त्यांना चौकातून परत आणणाऱ्या शेजाऱ्याचे निवेदन, या कागदांनी जे दाखवले ते कोणत्याही वकिलाच्या युक्तिवादाने दाखवता आले नसते. आपल्याकडेही अशा नोंदी असणार. ब्युरोच्या पावत्या, बायकांशी झालेले व्हॉट्सॲप संदेश, डिमेन्शियाचे रुग्ण घेत नाही असे कळवणारी वृद्धाश्रमांची पत्रे, असे सगळे गोळा करा. मात्र नाशिक किंवा पुण्यात डिमेन्शियाची खास सोय असलेले केंद्र असेल आणि त्याचा विचारच झालेला नसेल, तर त्याबद्दल ट्रायब्युनलमध्ये प्रश्न येणारच. त्या केंद्राकडे आधी आपणच चौकशी करा आणि तज्ज्ञांना त्याबद्दल मत विचारा. ती सोय आईंना खरोखर पुरेशी असल्याचे दिसले तर आपली बाजू फार कमकुवत होते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

बहिणीबाबत नियम विचारतो की ती वाजवीपणे काळजी देऊ शकते का. मुलगी आहे म्हणून ती करेलच, हे गृहीतक आहे. त्याला उत्तर तिच्या सविस्तर लेखी निवेदनाने द्यायला हवे. सोबत सासऱ्यांचे वैद्यकीय कागद, तिच्या कामाच्या वेळा सांगणारे कार्यालयाचे पत्र आणि घरात किती खोल्या व किती माणसे आहेत याची माहिती जोडा. परदेशातून व्हिडिओवर तोंडी साक्ष द्यायची असेल तर त्या देशाची त्याला हरकत नाही याची ट्रायब्युनलला खात्री लागते आणि त्यात वेळ जातो. लेखी निवेदनाला ही अडचण नाही, म्हणून तेच भक्कम करा.

नियमात बसले नाही तर नियमांबाहेर अनुच्छेद ८ उरतो, आणि बातम्यांचा संबंध मुख्यतः या टप्प्याशी आहे. खासगी व कौटुंबिक जीवनाचा आदर हा हक्क निरपवाद नाही. सार्वजनिक हितासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतात. प्रौढ मुले आणि आईवडील यांच्यात कायद्याच्या अर्थाने ‘कौटुंबिक जीवन’ आपोआप मानले जात नाही. २००३ मधील अपील न्यायालयाच्या एका निर्णयापासून कसोटी अशी आहे की नेहमीच्या मायेपलीकडचे अवलंबन दिसले पाहिजे. दरमहा पाठवलेले पैसे, रोजचे फोन, औषधे कोण ठरवते, आजारपणात कोण धावून गेले, हे सगळे इथे कामाला येते. कौटुंबिक जीवन सिद्ध झाले की विचार केवळ आईंचा होत नाही. संपूर्ण कुटुंबाच्या हक्कांचा एकत्र विचार व्हायला हवा, हे हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही नकारामुळे असमर्थनीय इतके कठोर परिणाम होतील असे दाखवावे लागते, आणि ही पायरी खरोखर उंच आहे.

जानेवारी २०२६ मध्ये हे लिहिताना परिस्थिती अशी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गाझातील एका कुटुंबाला ब्रिटनमधल्या प्रौढ भावाच्या नात्यावरून अप्पर ट्रायब्युनलने (वरच्या पायरीच्या न्यायाधिकरणाने) अनुच्छेद ८ खाली दिलेल्या दिलाशावर पार्लमेंटात वादंग झाला. पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेत्या या दोघांनीही त्या निकालावर टीका केली आणि लेडी चीफ जस्टिस, म्हणजे इंग्लंड व वेल्सच्या मुख्य न्यायाधीश, बॅरोनेस कार यांना त्या टीकेबद्दल जाहीर चिंता व्यक्त करावी लागली. मे महिन्यातल्या श्वेतपत्रिकेत अनुच्छेद ८ चा वापर आवळण्याचा इरादा सरकारने सांगितला आणि नोव्हेंबरमध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी तो अधिक ठोस केला: कायद्याने ‘कुटुंब’ म्हणजे प्रामुख्याने निकटचे कुटुंब अशी व्याख्या करायची आणि सार्वजनिक हिताला अधिक वजन द्यायचे. करारातून बाहेर पडणार नाही, असे सरकार म्हणते. विरोधी कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये बाहेर पडण्याची भूमिका घेतली. रिफॉर्म यूके पक्षाची भूमिका तीच आहे.

बाहेर पडण्याच्या चर्चेने आपण आज घाबरून जाऊ नये. कराराच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे बाहेर पडायला सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. इथली न्यायालये अनुच्छेद ८ लागू करतात ती मानवी हक्क कायदा १९९८ मुळे, आणि तो रद्द करायला पार्लमेंटने वेगळा कायदा करावा लागतो. तो बदलण्यासाठी जून २०२२ मध्ये आणलेले बिल ऑफ राइट्स विधेयक पुढच्याच वर्षी सोडून दिले गेले. उत्तर आयर्लंडमधल्या १९९८ च्या बेलफास्ट शांतता कराराची गुंतागुंत आहेच, कारण त्यात युरोपीय मानवी हक्क करार गृहीत धरलेला आहे. हे सगळे आपल्या सुनावणीआधी घडण्यासारखे नाही.

‘कुटुंबा’च्या व्याख्येचा प्रस्ताव मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण वृद्ध आई आणि प्रौढ मुलगा हे नाते नेमके तिच्या काठावर येते. कायद्याचा मसुदा कसा होतो यावर सगळे अवलंबून राहील. भारतीय वाचकांनी इथला एक मूलभूत फरक लक्षात ठेवावा: मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा भारतातले न्यायालय रद्दबातल ठरवू शकते, इथे पार्लमेंटचा कायदा मानवी हक्कांशी विसंगत असला तरी वरिष्ठ न्यायालये फक्त तशी घोषणा करू शकतात आणि कायदा तसाच लागू राहतो. तेव्हा कायदा झाला तर न्यायालय तो उडवून लावेल, या आशेवर कोणी राहू नये.

‘नवा कायदा येण्याआधी अर्ज टाकला की आपण सुरक्षित’ हा समजही धोक्याचा आहे. अनुच्छेद ८ चा विचार करताना सार्वजनिक हिताला किती वजन द्यावे हे सांगणारी कलमे पार्लमेंटने २०१४ मध्येही केली होती. ती २८ जुलै २०१४ पासून आधीच प्रलंबित असलेल्या अपिलांनाही लागू झाली. इमिग्रेशन नियमांबाबतही वेगळी तरतूद नसेल तर निर्णयाच्या दिवशीचे नियम लागतात, हे हाऊस ऑफ लॉर्ड्सने २००९ मध्ये ठरवले. बदलांसोबत प्रलंबित अर्जांना संरक्षण देण्याची प्रथा आहे, पण ती हमी नव्हे. म्हणूनच माझा आग्रह असा की आपले प्रकरण मुख्यतः नियमाच्या आत सिद्ध करा आणि अनुच्छेद ८ चा युक्तिवाद त्याला जोडून ठेवा. कायदा उद्या आवळला गेलाच तर आधी बंद होईल ती नियमांबाहेरची वाट.

राहिला मित्राचा सल्ला. तो मानू नका. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्याने मुदत संपताना परत जाण्याचा खरा हेतू ठेवलेला असावा लागतो, आणि व्हिजिटरला इथे राहून या वर्गात बदल करून घेता येत नाही. कायम राहण्याचा बेत मनात ठेवून ‘भेटीसाठी’ असे अर्जात लिहिणे ही फसवणूक ठरू शकते आणि तिच्यामुळे दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी ओढवू शकते. आईंचा कायमचा अर्ज नुकताच नाकारला गेला असल्याने अधिकाऱ्याला संशय येणे स्वाभाविक आहे. त्या आल्याच आणि इथे मानवी हक्कांचा दावा केला, तर त्यांची इमिग्रेशन स्थिती अस्थिर धरली जाते. अशा काळात निर्माण झालेल्या खासगी जीवनाला फारसे वजन देऊ नये असे २०१४ ची कलमे सांगतात. भेटीसाठी आलेल्या आणि मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांना न्यायालयांनी केवळ सहानुभूतीवर दिलासा दिलेला नाही. आई इथे असताना अचानक खरोखर आजारी पडल्या आणि प्रवास अशक्य झाला तर ते निराळे प्रकरण, पण तसे घडवून आणायचे म्हणून त्यांना विमानात बसवणे हे कायद्याने घातक आहे आणि डिमेन्शियाच्या रुग्णावर अत्याचारही आहे.

या आठवड्यात आपण अपील तोंडी सुनावणीसह दाखल करा आणि तज्ज्ञांची वेळ घ्या. अहवाल अपिलासोबतच लागतो असे नाही, ट्रायब्युनल पुरावे सादर करण्याची तारीख देते. पुढच्या वेळी नाशिकला गेलात की चार-पाच दिवस आईंच्या खोलीतच झोपा आणि सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत त्यांना कुठे कुठे हात द्यावा लागला हे वेळेसह लिहून ठेवा. साक्ष देताना ‘तिला सगळ्यालाच मदत लागते’ असे म्हणण्यापेक्षा ब्लाउजचे हुक कोणी लावले आणि भाताचा घास तोंडात धरून त्या किती वेळ बसून राहिल्या, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. बहिणीचे निवेदन मराठीत असले तरी चालेल. तिला तिच्या शब्दांत लिहू द्या आणि प्रमाणित भाषांतर मूळ निवेदनासोबत जोडा.